मारुती ८०० चा गिअरबॉक्स घरीच उतरवला

चढावर इंजिन ओरडायचं, गाडी मात्र पुढे सरकायची नाही. क्लच प्लेट, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारी चकती, झिजून संपली होती आणि ती बदलायची तर गिअरबॉक्स खाली घेणं आलंच. मी आणि धाकट्या भावाने दोन रविवार घातले.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. गाडी चार जॅकस्टँडवर, म्हणजे गाडी पेलणाऱ्या पक्क्या लोखंडी स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, हे हात जोडून सांगतो. गिअर ऑइल काढलं, मग क्लचची आणि स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर, गिअरचा रॉड, स्टार्टर आणि चाकं फिरवणारे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट.

खरी कसोटी पुढे. गिअरबॉक्सचं माउंटिंग सोडलं की इंजिन त्या बाजूला कलतं, म्हणून इंजिनच्या ऑइल चेंबरखाली लाकडी फळी ठेवून दुसरा जॅक आधीच लावला होता. बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सचा इंजिनला जोडलेला, क्लच झाकणारा भाग) सगळे बोल्ट निघाले तरी गिअरबॉक्स हलेना. दोन्ही भाग नेमके जुळवून ठेवणाऱ्या डॉवेल पिना गंजल्या होत्या. पहार एकाच जागी न रेटता चहूबाजूंनी थोडं थोडं उचकटलं, तेव्हा केसाएवढी फट दिसली. इथे घाई नको. गिअरबॉक्स सरळ रेषेत बाहेर ओढायचा. त्याचं वजन इनपुट शाफ्टवर (क्लच प्लेटमध्ये शिरणारा गिअरबॉक्सचा दांडा) लोंबकळलं तर क्लच प्लेटची हब, म्हणजे मधला भाग, वाकते.

जुन्या प्लेटचं अस्तर झिजून त्याचे रिव्हेट उघडे पडून चकाकत होते. क्लच प्लेटसोबत क्लचचे बाकीचे भाग, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही नवीनच टाकलं. एवढ्यासाठी पुन्हा कोण उतरवणार?