औषध न सोसणाऱ्या कुत्र्याच्या पिसवा आणि गोचीड

मानेवर टाकायच्या थेंबांनी किंवा औषधी पट्ट्याने ज्या कुत्र्याचं अंग लाल होतं, त्याच्यासाठी बारीक दातांची फणी हेच खरं हत्यार. रोज मान, पोट आणि शेपटीचं मूळ विंचरा. फणी दर वेळी साबणाच्या पाण्यात बुडवा, पिसवा त्यातच मरतात. गोचीड बोटांच्या बेचक्यात, कानात, पट्ट्याखाली दडतात. टोकदार चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा. पिळू नका, चिरडू नका. रॉकेल किंवा पेटती काडी तर नकोच नको.

पण निम्मं काम घरात असतं. पिसवांची अंडी अंगावरून अंथरुणात गळतात, गोचिडाची मादी भिंतीच्या फटीत अंडी घालते. गोधडी दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा, फटी सिमेंटने बुजवा.

‘नैसर्गिक’ म्हणून टी ट्री तेल लावू नका, लसूण खाऊ घालू नका. दोन्ही कुत्र्याला बाधतात. कुत्रा कॉली जातीचा असेल किंवा त्याला फिट येत असेल, तर कुठलीही गोळी देण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. ताप, फिकट हिरड्या, खाणं बंद असं दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.