क्रूझला निघणाऱ्या नागपूरकरांनो, एक दिवस आधी मुंबई गाठा

विदर्भ किंवा दुरांतोनं सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि त्याच दिवशी बॅलार्ड पियरला बोट पकडायची, असा बेत बरेच जण करतात. कृपया करू नका. स्टेशनपासून धक्का जवळच आहे, पण गाडी लेट झाली तर बोट थांबत नाही. चेक-इन सुटण्याच्या वेळेआधीच बंद होतं. मुंबईत एक मुक्काम करा, तो खर्च सार्थकी लागतो.

मोठी बॅग धक्क्यावरच घेतात आणि ती खोलीत पोहोचायला कधीकधी संध्याकाळ होते. म्हणून औषधं, ओळखपत्र, चार्जर, एक जोड कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. बीपी-शुगरच्या गोळ्या तर नक्कीच. आईबाबा सोबत असतील तर हे आधी बघा.

बोट लागण्याची भीती असेल तर खोली खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यभागी मागा. तिथं हेलकावे सगळ्यात कमी जाणवतात. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

किनारा दूर गेला की फोन फ्लाइट मोडवर टाका. जहाजावरचं सॅटेलाइट नेटवर्क आपोआप पकडलं गेलं तर बिल फार मोठं येतं.

आणि जेवणाच्या टेबलावर शेजाऱ्यांशी बोला. आधी येऊन गेलेली माणसं कुठला डेक शांत, नाश्त्याला गर्दी कधी, हे आपुलकीनं सांगतात. त्यांच्यासाठी संत्रा बर्फीचा सीलबंद डबा न्यावासा वाटेल, पण बाहेरचं खाणं चालतं का ते बुकिंगच्या वेळीच विचारा.