दोन गिरणी-शहरांची तुलना कशी करावी

मुंबई-अहमदाबादची तुलना करा म्हटलं की माझे विद्यार्थी आधी लोकसंख्येचे तक्ते काढतात. ते राहू द्या. एकच गोष्ट धरा: कापड गिरण्या. मुंबईत त्या १८५०च्या दशकात आल्या, अहमदाबादेत १८६१मध्ये.

आता जोडी नीट जुळवा. लालबागच्या चाळीसमोर जुन्या अहमदाबादची पोळ, म्हणजे एका गल्लीभोवतीची दाट वस्ती, ठेवू नका. पोळ देखणी, फोटो छान येतात, पण ती वसली जात आणि व्यवसाय धरून, गिरण्यांच्या कितीतरी आधी. चाळीला जोड हवी अहमदाबादच्या गोमतीपूर-सरसपूर या गिरणी भागांतल्या ‘चाली’ची. दोन्हीकडे जाऊन उभे राहा. लालबागेत मजल्यावर मजला आणि गॅलरीतून सगळ्यांची दारं दिसतात. तिकडे बहुतेक बैठ्या खोल्यांची रांग. पाणी कुठे भरतात, भांडण कुठे पेटतं, सण कुठे मांडतात, ते विचारा. म्हाताऱ्यांना आधी विचारा, घाई न करता.

मग कारणांकडे वळा. कोकणातले पुरुष बायकामुलं गावी ठेवून येत, म्हणून गिरणगावात खानावळी फोफावल्या. अहमदाबादेत १९२०पासून मजूर महाजन संघाचा, म्हणजे गिरणी कामगारांच्या संघटनेचा, भर लवादावर होता. मुंबईत १९८२चा गिरणी संप झाला.

नोंदवहीत दोन रकाने आखा. एखादा रिकामा राहिला तर ओढूनताणून भरू नका. परीक्षक म्हणून मी आधी तिथेच बोट ठेवतो.