कापसाच्या पानाला घातलेल्या घड्या

जळगावात पहिली नोकरी लागली तेव्हा कापूस सल्ल्याचं एक लांबलचक वेबपान माझ्या वाट्याला आलं. लागवड, खतं, ठिबक, बोंडअळी, वेचणी. मोबाइलवर बोट दुखेपर्यंत सरकवावं लागे. मी हुशारी केली: पाच मथळे ठेवले, बाकी सगळं घडीत. दाबलं की उघडेल.

पारोळ्याच्या मामांना दाखवलं. वरखाली पाहून म्हणाले, "आठे ते काहीच नई शे रे!" मथळ्यावर दाबायचं असतं हे त्यांना कुठून कळावं? बाणाची खूण मला कुरूप वाटली म्हणून मीच काढून टाकली होती. उघडून दिलं, तर फवारणीच्या मात्रेची शेवटची ओळ गायब! मॅक्स-हाइट, म्हणजे घडीची कमाल उंची, ३०० पिक्सेल ठरवून मी ओव्हरफ्लो, म्हणजे त्याबाहेर जाणारा मजकूर, लपवला होता. मामांच्या फोनवर अक्षरं मोठी. मजकूर वाढला आणि खालून कापला गेला. माझ्या लॅपटॉपवर हे कधीच दिसलं नसतं.

नवीन असाल तर डिव्हला (पानावरच्या साध्या चौकटीला) क्लिक जोडण्याच्या भानगडीत पडू नका. एचटीएमएलमध्ये डिटेल्स आणि समरी हे टॅग याच कामाचे आहेत. जावास्क्रिप्ट लागत नाही, कीबोर्डवर चालतं, उघडं की बंद हे स्क्रीन रीडरही (अंधांना पान वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) सांगतो. स्वतःच बनवायचं झालं तर खरं बटन घ्या आणि एरिया-एक्सपांडेड (घडी उघडी की बंद हे सांगणारी खूण) दर वेळी बदला. (मी विसरलो होतो.)

डोकं खरं लागतं ते मथळ्याला. नुसतं "अधिक माहिती" लिहिलं तर आत काय आहे ते कळत नाही; मी "बोंडअळी: फवारणी केव्हा?" असं केलं. आणि कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) सलग तीन दिवस रोज आठ-दहा पतंग सापडले की उपाय करायचा, ही ओळ घडीतून बाहेरच काढली. बांधावर उभं राहून वाचायची गोष्ट, तिला घडी कशाला?

एक घडी उघडली की दुसरी आपोआप मिटेल असंही करता येतं. मी नाही केलं. खत ठिबकमधूनही सोडतात, माणूस खतं आणि ठिबक दोन्ही घड्या उघड्या ठेवून पाहतो.

छपाईचं तर डोक्यातच नव्हतं. एका कृषी केंद्रवाल्याने प्रिंट काढली, कागदावर नुसते मथळे आले. मग बीफोरप्रिंट इव्हेंटवर, म्हणजे छपाई सुरू होण्याआधी ब्राउझर देतो त्या इशाऱ्यावर, सगळ्या घड्या उघडायला लावल्या.

बाण परत लावून पान पुन्हा मामांकडे नेलं. चार घड्या त्यांनी आपल्या आपण उघडल्या. वेचणीची राहिली. विचारलं, तर म्हणाले, "ते माले येस."