सरगुंडे करणाऱ्या हातांना इटालियन किचनमध्ये जायचं असेल तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, पुसद, आर्णीकडची मुलं-मुली मला हमखास विचारतात, "ताई, टीव्हीवरच्या शेफसारखं इटालियन शिकायचंय, कुठे ॲडमिशन घेऊ?" मी त्याच भागातली आहे आणि सध्या मुंबईत एका इटालियन रेस्तराँत सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालची दुसरी शेफ, आहे. प्रत्येकीला तेच सांगते, तर आता एकदा नीट लिहूनच काढते.

टीव्हीवर शेफ दिसतो तोवर त्याची खरी वर्षं मागे पडलेली असतात. इटालियन जेवणासाठी नावाजलेल्या शेफ रितू दालमियांचंच बघा. मारवाडी घरातली मुलगी, सोळाव्या वर्षी घरच्या संगमरवराच्या धंद्यात शिरली. त्या कामानिमित्त इटलीला जाणं-येणं सुरू झालं आणि तिथल्या जेवणाचा नाद लागला. १९९३ साली दिल्लीच्या हौज खासमध्ये त्यांनी 'मेझालुना' हे इटालियन रेस्तराँ काढलं. ते फार काळ चाललं नाही, कारण तेव्हाच्या गिऱ्हाइकाला अस्सल इटालियन जेवणाची सवयच नव्हती. मग लंडनला जाऊन भारतीय जेवणाचं रेस्तराँ चालवलं आणि २००० साली दिल्लीत 'दीवा' उघडलं. पुढे टीव्ही, पुस्तकं, इटली सरकारचा सन्मान असं सगळं आलं. त्यांच्या आयुष्यातली १९९३ ते २००० ही वर्षं नवख्यांनी जास्त अभ्यासावीत असं मला वाटतं.

शिक्षणाचे रस्ते तीन. बारावीनंतर एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा देऊन आयएचएममध्ये, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट शिकवणाऱ्या संस्थेत, तीन वर्षांची पदवी घेता येते. शाखा कुठलीही चालते, पण बारावीला इंग्रजी विषय हवा. मुंबईतलं दादर केटरिंग कॉलेज १९५४ पासूनचं, ते याच साखळीतलं. दहावीवर थांबलेल्यांसाठी फूड प्रॉडक्शनचा दीड वर्षाचा क्राफ्ट कोर्स आहे. आणि घरची परिस्थिती बेताची असेल तर आयटीआयचा फूड प्रॉडक्शन ट्रेड एका वर्षात होतो, त्यानंतर हॉटेलात अप्रेंटिसशिप मिळते. माझ्या सोबतच्या चांगल्या हाताच्या दोन कॉमी (किचनमधल्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या शिकाऊ शेफ) आयटीआयमधूनच आल्या आहेत. इटालियन मात्र यातल्या कुठल्याच कोर्सात पुरतं शिकवत नाहीत. तिथे पाया होतो, बाकीचं किचनमध्ये.

आता मला ज्याबद्दल खरं बोलायचंय ते. आपल्याकडची मुलं पहिल्या दिवशी बुजतात, आपल्याला यातलं काहीच येत नाही असं धरून चालतात. पण आपल्या घरी आंब्याच्या दिवसांत सरगुंडे होतातच ना? घट्ट मळलेला गोळा, त्याची बारीक वळकटी काडीभोवती गुंडाळायची, तळव्याने हलकेच फिरवायची, काडी ओढून घ्यायची की पोकळ नळी सुटते. सुकवायची, उकडायची, रसासोबत खायची. दक्षिण इटलीत, कालाब्रिया-बाझिलिकाता भागात बायका रव्याची कणीक अशीच लोखंडी सळीवर वळतात. त्याला फुझिल्ली आल फेर्रेत्तो म्हणतात. आमच्या किचनमध्ये मी पहिल्यांदा ती सळी हातात घेतली तेव्हा दाब किती द्यायचा हे मला कुणी सांगावं लागलं नाही. जोर जास्त झाला तर कणीक सळीला चिकटते, कमी पडला तर नळी उकलते. हे आजीच्या शेजारी बसून आधीच कळलेलं होतं.

गव्हाचंही तसंच. आपल्याकडचा जुना बन्सी गहू हा ड्युरम जातीचा, म्हणजे कडक दाण्याचा, आणि सुका पास्ता ड्युरमच्याच रव्याचा होतो. इटलीच्या दक्षिणेत रवा आणि पाणी, अंडं नाही. उत्तरेत एमिलिया-रोमान्याकडे मऊ गव्हाचा मैदा आणि अंडी, ढोबळ प्रमाण १०० ग्रॅमला एक. गावी असाल तर बन्सीचा रवा आणून कोमट पाण्यात मळून बघा. सुरुवातीला दगडासारखा लागेल. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा, मग पुन्हा मळा. बेसिल, म्हणजे इटालियन जेवणातली तुळस, महाग म्हणूनही अडू नका, सब्जाचं बी कुंडीत टाका. ते बेसिलच्याच कुळातलं, वास थोडा वेगळा येतो इतकंच.

काही सवयी मात्र मोडाव्या लागतात. भंडारा-गोंदियाच्या मुलांना रिसोतो, म्हणजे इटालियन दाट ओलसर भात, जड जातो, कारण भात मोकळा व्हायला हवा हे हाडीमाशी खिळलेलं असतं. रिसोतोचा तांदूळ धुवायचा नाही. वरचं पीठ हवंच असतं, त्यानेच तो दाट होतो. आधी कोरडा परतायचा, मग गरम स्टॉक (भाज्या किंवा हाडं उकळून गाळलेलं पाणी) पळीपळीने. शेवटी गॅस बंद करून थंड लोणी आणि चीज घालून जोरात हलवायचं. ताट हलवलं की भात पसरायला हवा, ढीग राहिला तर पुन्हा नव्याने करा. पास्त्याला लिटरभर पाण्यात दहा ग्रॅमच्या आसपास मीठ घाला आणि एक तुकडा मधोमध कापून बघा. आत बारीक पांढरा ठिपका दिसतो तेव्हा काढायचा, उरलेलं सॉसमध्ये शिजतं. ते उकळलेलं पाणी फेकू नका, त्याच्याच एका पळीने सॉस पास्त्याला धरतो.

घरी सरावाला इटालियन स्वयंपाकावरच्या लेखिका मार्चेल्ला हझान यांचा टोमॅटो सॉस घ्या. या बाईंनी विज्ञानात डॉक्टरेट केलेली, स्वयंपाक लग्नानंतर न्यूयॉर्कला जाऊन शिकल्या, आणि पुढे अमेरिकेला इटालियन जेवण शिकवलं. सॉस म्हणजे ८०० ग्रॅम टोमॅटो, ७० ग्रॅम लोणी, मधोमध दोन भाग केलेला एक कांदा, मीठ. मंद आचेवर पाऊण तास. लसूण नाही, मसाला नाही. हात शिवशिवतील काहीतरी घालायला. घालू नका.

पहिली दोन-तीन वर्षं कॉमी म्हणून जातात. कांदा चिरणं, स्टॉक गाळणं, फ्रीज पुसणं, ब्रेक शिफ्ट (दुपारी सुटी देऊन सकाळ-संध्याकाळ काम), सणाला सुट्टी नाही. पगार सुरुवातीला हलकाच. "पोरगी हॉटेलात जाते" हे गावात ऐकावं लागतं, माझ्या मायनेही ऐकलं. घरच्यांना एकदा किचन दाखवून आणा, अर्धा विरोध तिथेच विरघळतो. शाकाहारी घरातून येणाऱ्यांनी मांस-मासळी हाताळायची मनाची तयारी आधीच करावी. आणि चीजबद्दल नीट शिकून घ्या: अस्सल पार्मेझानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) असतं, त्यामुळे जैन पंगतीला ते चालत नाही. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा खरं उत्तर देता आलं पाहिजे.

नोकरी निवडताना नावापेक्षा एक गोष्ट विचारा: पास्ता इथेच मळता का, आणि मळतं कोण? पाकिटातला उकळून देणाऱ्या मोठ्या हॉटेलापेक्षा वीस टेबलांचं, रोज सकाळी कणीक मळणारं किचन पहिल्या दोन वर्षांसाठी बरं. मुलाखतीत ट्रायल, म्हणजे किचनमध्ये काम करून दाखवणं, देऊ का असं आपणहून म्हणा, आणि ट्रायलमध्ये जमत असेल तर सळी मागून घ्या.