दिवाळीनंतर दर्या निवांत झाला, असं धरून चालू नका

तुळशीचं लग्न आटोपलं की किनाऱ्यावरच्या वाड्यांत पावसाळा आवरून ठेवायची घाई सुरू होते. खिडक्यांवरची प्लास्टिकं उतरतात, पडवीच्या झड्या निघतात, फुटकी कौलं बदलायला माणूस येतो, रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) होड्या सुरूंच्या सावलीतून पाण्याजवळ ओढल्या जातात. पुढचे सहा महिने आभाळ निळं राहणार याची सगळ्यांना खात्री असते. आभाळाचं ते बऱ्यापैकी खरं ठरतं. दर्याचं ठरत नाही, आणि गोव्यातल्या किनारी घरांची थंडीच्या दिवसांतली बहुतेक नुकसानी याच गफलतीतून होते.

अरबी समुद्रात चक्रीवादळांचे हंगाम दोन आहेत. एक एप्रिल ते जून, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आपल्या किनाऱ्याच्या बाजूनं वर सरकलं आणि ११ तारखेला अलिबाग-मुंबईच्या पट्ट्यात जमिनीवर चढलं. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी आलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यारच्या वाऱ्यानं मुरगावहून नाफ्था भरलेलं जहाज नांगर सोडून निघालं आणि दोनापावलाच्या खडकांवर येऊन बसलं. पण लोकांच्या मनात राहिलंय ते मे २०२१ चं तौक्ते, कारण तेव्हा झाडं आणि खांब पडून कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. त्यामुळे वादळ म्हणजे मे महिना, असं एक समीकरण बसून गेलं आहे. ते आधी मोडायला हवं.

‘वादळ गोव्याला लागणार नाही’ एवढं ऐकून टीव्ही बंद करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ओखी गोव्याला लागलंच नाही. कन्याकुमारीच्या खालून लक्षद्वीप, तिथून गुजरातकडे असा त्याचा रस्ता होता आणि सुरतेच्या आसपास पोचेपर्यंत ते विरून गेलं. तरीही केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या उत्तर गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या पट्ट्यात पाणी शॅकमध्ये, म्हणजे पुळणीवरच्या तात्पुरत्या खानावळींत, शिरलं. वादळाचा डोळा शेकडो किलोमीटर लांब असताना.

असं का होतं, ते एकदा नीट समजून घेतलं तर पुढचं अर्धं काम सोपं होतं. वादळ पाण्यावर लाटा उठवतं आणि त्या लाटा वादळाला मागे टाकून पुढे धावतात. वारा थांबला, वादळ दुसरीकडे वळलं, तरी त्या वाटेतच असतात. त्यात हवेचा दाब उतरला की पाण्याची पातळी वर येते. दाब एक हेक्टोपास्कलनं कमी झाला की साधारण एक सेंटिमीटर. आणि या सगळ्याला उधाणाची भरती मिळाली की संपलं. ३ डिसेंबर २०१७ ला नेमकी पौर्णिमा होती, दत्तजयंतीची. चंद्रही पृथ्वीच्या नेहमीपेक्षा जवळ होता. ओखीच्या लाटा त्या भरतीवर बसून आल्या.

वादळाचं नावही नसताना हाच प्रकार छोट्या प्रमाणात होतो. थंडीत अरबस्तान आणि इराणच्या आखाताकडे शमाल नावाचा वायव्येचा वारा सुटतो. त्याच्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर येतात; यावर दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं काम केलं आहे. इथं एक पान हलत नसतं आणि दर्या मात्र दणके देत असतो, तो हिशेब हा.

म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर अरबी समुद्रात कुठंही कमी दाबाचा पट्टा तयार झाला की ‘गोव्यावर येणार का’ एवढंच विचारून थांबू नका. त्याच्या लाटा कुठे जाणार आणि त्या दिवशी तिथी कोणती, हेही विचारा.

पावसाचा रंग बघून समुद्राचा अंदाज बांधणं

हवामान खात्याचे पिवळा, नारंगी, लाल हे इशारे बहुतेकदा पाऊस आणि जमिनीवरच्या वाऱ्यासाठी असतात. मोबाईलवर कसलाच रंग नाही म्हणून दर्या ठीक आहे, असा अर्थ निघत नाही. समुद्राच्या खुणा वेगळ्या आहेत. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचा इशारा देते, हवामान खातं मच्छीमारांसाठी स्वतंत्र सूचना काढतं आणि बंदरावर बावटा चढतो. तीन नंबरचा बावटा चढला असेल तर बंदरात जोराच्या वाऱ्याची शक्यता आहे असं समजायचं, आणि हे समजून घेणं ट्रॉलरवाल्यांइतकंच किनाऱ्याला घर असलेल्याच्या कामाचं आहे.

इन्कॉइसचा अंदाज वाचताना लोक लाटेची उंची बघतात आणि सोडून देतात. शेजारी सेकंदात एक आकडा असतो, दोन लाटांमधलं अंतर सांगणारा. माझ्या मते किनाऱ्यावर राहणाऱ्याला तोच आकडा जास्त सांगून जातो. दीड-दोन मीटरची लाट सहा-सात सेकंदांनी येत असेल तर ती पुळणीवर फुटून तिथंच संपते. तेवढ्याच उंचीची लाट १४-१५ सेकंदांनी येत असेल तर तिच्यामागे पाण्याचा मोठा लोंढा असतो आणि ती सुरूंच्या रांगेपर्यंत चढते.

तिथी विसरणं

घरात कालनिर्णय टांगलेलं असतं, चतुर्थी-एकादशी त्यात बघतो, मग भरतीसाठी का बघत नाही? अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. आपल्याकडे उधाणाची मोठी भरती दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या आसपास येते आणि रोज साधारण पाऊण तासानं पुढे सरकते. जुने रापणकार हे बोटांवर सांगतात.

रात्रीची भरती घातक ठरते कारण तेव्हा माणसं झोपलेली असतात. इशारा असेल आणि पौर्णिमा-अमावास्या जवळ असेल तर त्या रात्री घरातल्या एकानं भरती उतरेपर्यंत जागं राहावं. म्हातारी माणसं, लहान मुलं यांना संध्याकाळीच आतल्या बाजूच्या नातलगांकडे पाठवावं. ‘पाणी आलं तर बघू’ म्हणून रात्री एक वाजता आजीला खुर्चीवर बसवून उचलून न्यायची वेळ आणू नये.

समोरच्या समुद्राकडे बघत बसणं

मोरजी, केरी, बेतुल, तळपण इथं वस्तीच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी किंवा खाडी आहे. अशा ठिकाणी पाणी पुष्कळदा मागून येतं. भरतीचं पाणी नदीच्या मुखातून आत चढतं, ओहोळ उलटा वाहू लागतो, गटारातून पाणी वर येतं आणि समोरची पुळण अजून कोरडीच असते. दर्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीमागे बाहेर पडायचा रस्ता पाण्याखाली जातो.

तेव्हा इशारा आला की आधी मागचा ओहोळ बघून या. पावसाळ्यानंतर त्यात सुकलेलं गवत, प्लास्टिक, बांधकामाची माती भरलेली असते. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेताच्या, कडेला घर असेल तर मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारं नीट मिटतात का आणि बांधाला खेकड्यांनी भोकं पाडलीत का, हे कोमुनिदाद (गावच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था) किंवा शेतकरी संघाच्या माणसाला विचारून घ्या. मासे धरायला दार अडकवून ठेवायची सवय काही ठिकाणी आहे. उधाणाच्या रात्री तिची किंमत सगळ्या वाड्याला मोजावी लागते आणि शेतात शिरलेलं खारं पाणी पुढच्या पिकापर्यंत त्रास देतं.

मेन स्विच पाडला म्हणजे वीज गेली, असं समजणं

आमच्या वाड्यावर एका उधाणाच्या रात्री पडवीत घोटाभर पाणी आलं. शेजारच्या मुलानं मेन पाडला आणि तो खाली उतरायला निघाला. त्याची काकी दारातूनच ओरडली, “बाबू, मेन पाडलास ना? मग देवाकडचा दिवा कसा पेटलाय?” दिवा इन्व्हर्टरवर होता, आणि इन्व्हर्टर जिन्याखाली, जमिनीवर, पाण्यापासून चार बोटं उंचीवर. काकीचं लक्ष नसतं तर पोरगं त्या पाण्यात उतरलं असतं.

मेन बंद केल्यावरही इन्व्हर्टर घरातल्या काही तारांत वीज सोडतच असतो. वीज गेल्यावर दिवे लावणं हेच तर त्याचं काम. पाणी यायची शक्यता असेल तर दोन्ही बंद करायचे, तेही पाणी यायच्या आधी, कोरड्या जागेवर उभं राहून. पाणी आत आलेलं असेल आणि स्विचपर्यंत पाण्यातून जावं लागत असेल तर जाऊ नका, १९१२ वर फोन करून बाहेरून पुरवठा बंद करायला सांगा. बॅटरी जमिनीवर ठेवू नका, कमरेएवढ्या उंचीच्या मजबूत फळीवर ठेवा. सोलरचे पॅनल असतील तर त्यांचाही वेगळा स्विच कुठे आहे ते घरातल्या बायकामुलांना दाखवून ठेवा.

जनरेटर पडवीत किंवा खिडकीखाली चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद घरात झोपलेल्या माणसाला तो कळतसुद्धा नाही. रस्त्यात तार पडलेली दिसली तर ती मेलेली आहे असं गृहीत धरू नका; किमान दहा मीटर लांब राहा, ओल्या जमिनीवर त्याहून जास्त.

गॅसचा सिलिंडर पाण्यात तरंगतो. रेग्युलेटर काढून, टोपी लावून, दोरीनं बांधून ठेवा.

माड, पत्रे आणि मांडव

पावसाळ्याआधी आपण माडाच्या सुक्या झावळ्या आणि नारळ उतरवतो. नोव्हेंबरात पुन्हा पाडेली, म्हणजे माडावर चढणारा माणूस, बोलावायचं राहून जातं. घरावर, रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या गाडीवर झुकलेले माड तरी दिवाळीनंतर एकदा मोकळे करून घ्या. जत्रेचे मांडव, नाताळचे मोठे तारे, शॅकचे झावळ्यांचे छप्पर, गच्चीवरचे सुटे पत्रे हे सगळं वाऱ्याचा इशारा आला की उतरवायचं. चक्रीवादळ म्हणवून घ्यायला वारा ताशी ६२ किलोमीटरचा लागतो, पण नुसतं उभं करून ठेवलेला पत्रा त्याच्या कितीतरी आधी उडतो.

वाळूच्या टेकड्या सपाट करणं

ही चूक एका रात्रीची नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. समुद्र दिसावा म्हणून, खाटा मांडायला जागा हवी म्हणून पुळणीमागचे वाळूचे उंचवटे खणले जातात, त्यांवरची मर्यादवेल उपटली जाते. ती वेल वाळू धरून ठेवते. वाळूचा उंचवटा लाटेचा जोर खातो, थोडा झिजतो आणि वारा त्याला पुन्हा भरतो. सिमेंटची भिंत घातली तर लाट तिच्यावर आपटून पायथ्याची वाळू ओढून नेते आणि भिंतीच्या टोकाला शेजाऱ्याची जागा खचते. ज्यांच्या घरासमोर अजून टेकडी शिल्लक आहे त्यांनी ती जिवापाड जपावी. कुणी जेसीबी लावत असेल तर पंचायतीत लेखी तक्रार करावी, शेजारधर्माचा संकोच बाजूला ठेवून.

होडी वाचवायला पाण्यात उतरणं

उधाणात होडीचा दोर सुटला की मागचापुढचा विचार न करता पोरं धावतात. होडी आणि काठ यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाला लाट सोडत नाही. इशारा आला त्याच दिवशी, ओहोटीला, होड्या सुरूंच्या मागे ओढून घ्या, इंजिन काढून घरी न्या. समुद्रात असलेल्यांनी जवळचं बंदर गाठायचं, ते आपलं नसलं तरी. ओखीच्या वेळी केरळ-तमिळनाडूच्या साठाहून अधिक होड्या देवगडला आसऱ्याला आल्या होत्या आणि त्यांवरची माणसं सुखरूप राहिली. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे, बाकी कुठल्याही संकटाला ११२.

घरी आलेल्या पाहुण्यांना लाटा बघायला खडकावर नेऊ नका. पुळणीवर लाल बावटा असेल तर पायसुद्धा भिजवायचे नाहीत, ऊन कितीही छान पडलेलं असो.

पाणी ओसरल्यावरची घाई

खारं पाणी विहिरीत गेलं तर मोटर लावून विहीर एका दमात उपसू नका. वाळूच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं असतं; जोरात उपसा केला की खालचं खारं पाणी वर येतं. कचरा काढा, रोज थोडं थोडं पाणी काढत राहा, आरोग्य केंद्राकडून ब्लीचिंग पावडरचं प्रमाण विचारून घ्या. ब्लीचिंगनं किंवा उकळल्यानं जंतू मरतात, मीठ जात नाही, हेही लक्षात असू द्या. तोवर पिण्याचं पाणी टँकरचं किंवा नळाचं.

बुडालेला पंप, फ्रीज, वॉशिंग मशीन ‘चालतंय का बघू’ म्हणून सुरू करू नका. आधी गोड्या पाण्यानं धुवा, पूर्ण सुकू द्या, मग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. मीठ आत राहिलं तर आज चाललेली मोटर महिन्याभरात जळते. स्कूटरचंही तेच, सेल्फ मारू नका, ढकलत गॅरेजला न्या.

आणि झाडू हातात घ्यायच्या आधी फोटो काढा. पाण्याची रेघ भिंतीवर कुठवर आली ती दिसू द्या, मोडलेली होडी तिच्या नोंदणी क्रमांकासकट येऊ द्या. अर्ज तलाठ्याकडे किंवा मामलेदार कचेरीत लगेच द्या आणि पोच घ्या. विमा असेल तर कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. पंचनाम्याला घरपट्टीची पावती मागतात, होडीसाठी मत्स्योद्योग खात्याचे कागद लागतात. मुंडकारांच्या (दुसऱ्याच्या जमिनीवर मालकाच्या संमतीनं घर करून राहणाऱ्यांच्या) घरांचं यात हमखास अडतं, कारण घर ज्याच्या कब्जात आहे त्याच्या नावाचा कागद पटकन सापडत नाही. मुंडकारपणाचा दाखला, रेशनकार्ड, वीजबिल यांच्या प्रती एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा आणि एक संच गावाच्या आतल्या बाजूला राहणाऱ्या बहिणीकडे किंवा मामाकडे देऊन ठेवा.