जॅक रसेल घ्यायचाय? आधी त्याची आई बघा

जॅक रसेल टेरियर आकाराने लहान, म्हणून लोकांना वाटतं हा फ्लॅटमधला कुत्रा. पाच-सहा किलो वजन, खांद्यापाशी उंची फार तर ३० सेंटिमीटर, पांढऱ्या अंगावर तपकिरी-काळे ठिपके. रीलमध्ये सोफ्यावरून उड्या मारताना गोडच दिसतो. पण इंग्लंडच्या डेव्हनमधल्या जॉन रसेल नावाच्या पाद्र्याने हा कुत्रा कोल्ह्याला बिळातून हुसकावण्यासाठी तयार केला. १८१९ मध्ये त्याने ट्रम्प नावाची एक मादी दूधवाल्याकडून विकत घेतली, तिथून हा वंश सुरू झाला असं सांगतात. दोनशे वर्षांनंतरही भोक दिसलं की याचं डोकं फिरतं. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत कोल्हे नाहीत, घुशी आहेत. तेवढ्यावर आमच्या बिट्टीने बागेतल्या जास्वंदीची मुळं उघडी पाडली आणि सेक्रेटरींनी मला पत्र दिलं.

हे वाचूनही हवाच असेल, तर पुढचं वाचा. दिवाळीच्या आसपास मला फोन सुरू होतात, "काकू, कोणी चांगला ब्रीडर सांगा ना." मी नाव सांगत नाही. शोधायचं कसं ते सांगते.

पहिली खूणगाठ आकड्याची. बाजारात पिल्लू "पंचेचाळीस दिवसांचं" म्हणून विकतात. विकणारा हे इतक्या सहज बोलतो की घेणाऱ्याला तोच नियम वाटतो. कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे केंद्राचे नियम २०१७ साली आले. त्यानुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस. मधल्या अकरा दिवसांत पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून एक मोठी गोष्ट शिकतं: किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो. टेरियरच्या बाबतीत हे शिक्षण बुडालं की पुढे तुमच्या हाताच्या बोटांवर बेततं. त्याच नियमांत ब्रीडरने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे, मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिला पिल्लं होऊ द्यायची नाहीत आणि आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेळा ती व्यायला नको. फोनवर पहिल्यांदा विचारा, "नोंदणी क्रमांक काय?" त्यावर "मॅडम, आमचं घरगुती आहे" असं उत्तर आलं, तर आईची ही कितवी वेत ते विचारा. घरगुतीवाल्याला ते तोंडपाठ असतं. धंदेवाल्याला वहीत बघावं लागतं, किंवा तो हसतो.

मग शोधायचं कुठे? फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. तिथे एकच फोटो तीन शहरांत तीन किमतींना फिरतो, आणि "आधी जीपे करा, उद्या कार्गोने पाठवतो" म्हणणाऱ्याकडे कुत्रा असतोच असंही नाही. हिवाळ्यात मुंबई-पुण्यात डॉग शो होतात, तिथे जा. पिल्लू घ्यायला नव्हे, बघायला. शोचा छापील कॅटलॉग विकत घ्या. त्यात प्रत्येक कुत्र्यापुढे मालकाचं नाव, आई-वडिलांची नावं आणि ब्रीडरचं नाव असतं. टेरियरच्या गटाची फेरी पूर्ण बघा आणि आवडलेल्या कुत्र्यासमोर खूण करा. फेरी संपल्यावर त्या कुत्र्याला सावलीत कोण नेतो, पाणी कोण पाजतो आणि पिंजऱ्यात ढकलून जेवायला कोण जातो, हेही बघा. ट्रॉफीपेक्षा मला यातून जास्त कळतं. दुसरा रस्ता आपल्या भागातल्या पशुवैद्याचा. "ब्रीडर सांगा" म्हणू नका, त्यांना अवघडल्यासारखं होतं. "तुमच्याकडे येणारा सात-आठ वर्षांचा, धडधाकट जॅक रसेल कुणाचा आहे?" असं विचारा, आणि त्या मालकाला गाठा.

आता डोळ्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बाकी सगळे सल्ले मिळतात, हा कोणी देत नाही. या जातीत प्रायमरी लेन्स लक्झेशन, म्हणजे पीएलएल, नावाचा आनुवंशिक आजार आहे. डोळ्यातलं भिंग ज्या बारीक तंतूंनी जागेवर धरलेलं असतं ते तंतू तुटतात आणि भिंग सरकतं. ते पुढे आलं की डोळ्यातला दाब वाढतो, प्रचंड दुखतं, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर दृष्टी जाते. हे साधारण तीन ते आठ वर्षांच्या वयात होतं. म्हणजे आईला त्रास सुरू होईपर्यंत तिच्या दोन-तीन वेती विकूनही झालेल्या असतात. "आमच्या कुत्र्यांना कधी काही झालं नाही" हे वाक्य खरं असूनही निरुपयोगी ठरतं ते यामुळे. यासाठी डीएनए चाचणी आहे. गालाच्या आतून काडी फिरवून नमुना घेतात, आयुष्यात एकदाच. निकाल तीन प्रकारचा येतो: क्लिअर (दोष नाही), कॅरिअर (दोष पुढच्या पिढीत देऊ शकणारा) किंवा अफेक्टेड (आजार होण्याचा धोका असलेला). आई-बापापैकी एक जरी क्लिअर असेल तर पिल्लांत अफेक्टेड निघत नाही. दोन कॅरिअर एकत्र आले तर निघू शकतं. तेव्हा विचारा, "पीएलएलचा रिपोर्ट दाखवता का, आईचा आणि बापाचा?" आपल्याकडे ही चाचणी करणारे थोडे आहेत, मान्य. पण हा शब्द ऐकून जो ब्रीडर खुर्ची ओढून बसतो आणि बोलायला लागतो, त्याच्याकडे थांबायला हरकत नाही. "तुम्ही गुगल फार वाचता" म्हणतो, त्याचा चहा पिऊन निघा.

भेटायला जाल तेव्हा एका दिवशी एकाच ठिकाणी जा. पार्व्हो या जीवघेण्या आजाराचा विषाणू बुटांच्या तळव्यांवरून एका घरातून दुसऱ्या घरी जातो, आणि लस पूर्ण न झालेलं पिल्लू त्यात काही दिवसांत दगावू शकतं. चांगला ब्रीडर तुम्हाला दारातच चपला काढायला आणि हात धुवायला लावेल. राग मानू नका.

पिल्लं बघण्याआधी आई बघायला मागा. "आई फार्मवर आहे", "आई दुसऱ्या पार्टनरकडे आहे", "आई अनोळखी माणसांना चावते" यांपैकी काहीही ऐकलं की विषय संपला. शेवटचं कारण तर सगळ्यात वाईट, कारण ते खरं असेल तर तोच स्वभाव पिल्लांत येण्याची शक्यता आहे. दूध पाजून आई थोडी वाळलेली असते, केसही गळलेले असतात, ते चालतं. पण बरगड्या मोजता येतील इतकी वाळलेली, हिरड्या पांढुरक्या, कोपऱ्यात दबून बसलेली आई असेल तर पिल्लू कितीही गुबगुबीत असो, घेऊ नका. तसंही गुबगुबीत पोट बऱ्याचदा जंतांचं असतं.

पिल्लं झोपेतून उठून खेळात गुंतली की त्यांच्या पाठीमागे जाऊन किल्ल्या वाजवा. जास्त पांढऱ्या कुत्र्यांत बहिरेपण आढळतं, आणि बहिरं पिल्लू भावंडांचं बघून मान वळवतं. म्हणून प्रत्येकाला वेगळं काढून परत वाजवा. चालताना मागचा पाय मध्येच उचलून लंगडी घालतंय का बघा, गुडघ्याची वाटी सरकत असेल. शेपूट कापलेलं असेल तर कोणी कापलं ते विचारा. शोभेसाठी अवयव छाटणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात क्रूरता आहे, आणि ज्याने शेपटीला रबर बांधलं तो बाकी गोष्टींत हळवा असेल असं मला वाटत नाही.

कागदांचं थोडक्यात. केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र वंशावळ सांगतं, तब्येत सांगत नाही. "पेपरसकट हवं तर जास्त पडतील" असं म्हणणाऱ्याचे पेपर कुठल्या पिल्लाचे आहेत ते देव जाणे. कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा नंबर स्कॅनरने तुमच्यासमोर वाचून कागदाशी जुळवा. लसीच्या कार्डावर बाटलीचं स्टिकर, तारीख, पशुवैद्याची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. त्या पशुवैद्याला एक फोन करा. आणि लेखी घ्या, की कधीही सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा ब्रीडरच परत घेईल. उलट बाजूने, ब्रीडरने तुम्हाला घरात दिवसभर कोण असतं, मूल किती वर्षांचं आहे, गॅलरीला जाळी आहे का, हे विचारलं पाहिजे. फक्त "कॅश की ऑनलाइन?" एवढंच विचारणाऱ्याकडून मी मांजरसुद्धा घेणार नाही.

याला काही जण कंटाळतात आणि म्हणतात, मग यॉर्की घेऊ, "टीकप" वाला. टीकप ही जात नाही. ते मुद्दाम खुरटवलेलं किंवा लहान वयात आणलेलं पिल्लू असतं, आणि यॉर्कशायर टेरियरला श्वासनलिका चपटी होण्याचा त्रास आधीच असतो. वेस्टीच्या, म्हणजे वेस्ट हायलँड व्हाइट टेरियरच्या, त्वचेला अ‍ॅलर्जी फार. मुंबईच्या दमट हवेत तुमचे शनिवार त्वचेच्या डॉक्टरकडे जातील.

माझा स्वतःचा कौल मोठ्या, दत्तक कुत्र्याला. बिट्टी तशीच आली, हिंजवडीतलं जोडपं परदेशी निघालं तेव्हा. जॅक रसेल साधारण आठ महिने ते दोन वर्षं या वयात सोडले जातात. पिल्लाचा गोडवा संपलेला असतो आणि खणणं, भुंकणं, मांजरांमागे धावणं सुरू झालेलं असतं. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट, मुंबईत वर्ल्ड फॉर ऑलचा दत्तक मेळावा, म्हणजे अ‍ॅडॉप्टेथॉन, अशा ठिकाणी बहुतेक आपले गावठी कुत्रे आणि मांजरं असतात. टेरियर क्वचितच. पण तिथल्या लोकांकडे नाव नोंदवून ठेवलं तर त्यांना बातमी आधी लागते. तोवर फॉस्टर म्हणून एखादा कुत्रा काही आठवडे सांभाळा, म्हणजे तुम्हाला आणि संस्थेलाही अंदाज येतो. "अ‍ॅडॉप्शन" लिहून पंचवीस हजार "रिहोमिंग फी" मागणारी जाहिरात ही विक्रीच असते. तिला ब्रीडरचे सगळे प्रश्न लावा.

संस्थेला विचारायचं ते हे: ताटाजवळ कोणी गेलं तर गुरगुरतो का, एकटा किती वेळ राहतो, लहान मुलांसोबत राहिला आहे का, आधीच्या मालकाने सोडण्याचं कारण काय दिलं आणि तुम्हाला काय वाटतं. या शेवटच्या दोन उत्तरांत फरक असतो. नसबंदी झालेली नसेल तर ती कधी करायची ते ठरवा. पुण्यात गोचिडांचा ताप फार, त्यामुळे घरी आणण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि टिक फीव्हरची रक्ततपासणी करून घ्या. प्लेटलेट कमी असल्या तरी घाबरू नका. वेळेत औषध सुरू झालं तर बहुतेक कुत्रे सावरतात.

सोसायटीत मात्र आधीच सांगून ठेवा. मार्च २०२४ मध्ये केंद्राने तेवीस जातींवर बंदी घालण्याबद्दल राज्यांना पत्र पाठवलं, त्यात पिटबुल टेरियर होता. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्दही केलं, पण "टेरियर" हा शब्द आमच्या बिल्डिंगमधल्या आजोबांच्या डोक्यात राहिला तो राहिलाच. शेवटी मी त्यांना बिट्टीला उचलून दाखवलं. कुत्रा घरी आला की महापालिकेचा परवाना काढा. त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. ही लस पिल्लाला तीन महिन्यांनंतर देतात, तेव्हा तोवर बाकीचे कागद एका फाइलमध्ये लावून ठेवा, ब्रीडरच्या पावतीसकट.